वतन गेले, बढती आली



मुलगा सरकारी नोकरीत लागला की घरात पहिली चौकशी होते ती पगाराची. लगेच दुसरी होते, ती अशी: "पुढे बढती आहे ना?" हा प्रश्न आपल्याला इतका साधा वाटतो, की तो विचारण्याची सोय आपल्या गावकारभारात किती उशिरा आली याचा आपणांस विसर पडतो. जुन्या गावात पाटलाला बढती नव्हती, कुलकर्ण्याला नव्हती, महाराला तर मुळीच नव्हती. कारभारात नवे काही यायचे कसे, आणि तो कारभार हाकणाऱ्या माणसाने वर चढायचे कसे, हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. ते कसे, हे इतिहासाच्या आधाराने पाहू या.

आधी वतन म्हणजे काय ते ध्यानात घेतले पाहिजे. पाटील गावचा मुख्य. वसुली आणि बंदोबस्त त्याच्याकडे. कुलकर्णी दप्तर लिहिणार. शिवेची राखण, सरकारी निरोप पोचविणे, आलेल्या अंमलदाराची सरबराई ही कामे महाराच्या वाट्याला. या कामांबद्दल इनाम जमीन आणि गावाकडून मिळणारे हक्क, आणि हे सारे बापाकडून मुलाकडे जाणारे. इंग्रजी अमदानीत 1874 च्या वतन कायद्याने ही वहिवाट कायद्याच्या चौकटीत बसविली. वतनात भाऊबंदांच्या तक्षिमा पडत आणि काम पाळीपाळीने फिरे. ज्याची पाळी आली त्याला लिहिता येत नसले तर गुमास्ता नेमून वेळ भागवीत.

आता न्यायाने बोलायचे तर वतनात एक गुण होता. वतनदार गाव सोडून जात नसे. कोणत्या शेताला कोणत्या पाटाचे पाणी, कोणत्या बांधावरून कोणाचे भांडण, हे त्याला तोंडपाठ असे. पण हाच गुण उलटा फिरला की गावाच्या मुळावर येई. दप्तर कुलकर्ण्याच्या घरी आणि तेही मोडी लिपीत. आपल्या नावावर किती बाकी मांडली आहे, हे निरक्षर कुणब्याला त्याच्याच तोंडून ऐकावे लागे. चांगले काम केले म्हणून वतनदार वर चढत नव्हता आणि वाईट केले म्हणून सहसा खाली येत नव्हता. मग नवे काही करून पाहण्याचे त्याला कारणच काय?

महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा आसूड' लिहिला, त्यात या कुलकर्णी-कारभारावर कडक टीका आहे. प्रत्यक्ष कृती करून दाखविली ती कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी. त्यांनी 1918 मध्ये आपल्या संस्थानात कुलकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमले. दिसायला ही दप्तराची व्यवस्था होती, पण तिचा अर्थ फार मोठा होता. लिहिणारा माणूस घराण्यावरून निवडायचा नाही, शिकवून तयार करायचा, असे त्यात ठरले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील तरुणांनाही त्यांनी तलाठी केले. ज्याच्या आजाने चावडीच्या पायरीखाली उभे राहून जोहार घातला, तो नातू चावडीत बसून दप्तर लिहू लागला. वतनदारांनी याविरुद्ध ओरड केली, पण महाराज मागे हटले नाहीत.

वतनाची दुसरी बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उघडी केली. महारवतन म्हणजे दिवसरात्रीची वेठ, मोबदला तुटपुंजा, आणि ती सोडून दुसरे काही करायची वाट बंद. म्हणून 1928 मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात 1874 च्या कायद्याला दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. ते त्या वेळी पार पडले नाही. पुढे स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात 1950 च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली, 1958 च्या कायद्याने महारांसह इतर कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर 1962 च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पदही संपले. शेकडो वर्षांची व्यवस्था बारा वर्षांत मिटली.

तिच्या जागी काय आले? 2 ऑक्टोबर 1952 रोजी देशात समूह विकास योजना सुरू झाली आणि गावोगाव 'ग्रामसेवक' दिसू लागला. सुधारलेले बी, खताचा खड्डा, विहिरीचे पाणी शुद्ध करणे, सहकारी सोसायटी, सगळ्यांचा सल्ला त्यानेच द्यायचा. बलवंतराय मेहता समितीने 1957 मध्ये सांगितले, की लोकांच्या हाती सत्ता दिल्यावाचून ही योजना रुजणार नाही. महाराष्ट्रात वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1961 मध्ये आपला अहवाल दिला. मेहता समितीचा भर तालुक्याच्या पातळीवरील गटावर होता, तर नाईक समितीने जिल्हा हा मुख्य घटक मानला. त्याच वर्षी कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून 25 जिल्हा परिषदा कामाला लागल्या. आज त्या 34 आहेत.

या कायद्याची एक बाजू सभा-संमेलनांत फारशी बोलली जात नाही. जिल्हा परिषदेबरोबर 'जिल्हा सेवा' निर्माण झाली. गुरुजन हो, आधी जिल्हा शाळा मंडळाकडे असलेले प्राथमिक शिक्षक तेव्हापासून जिल्हा परिषदेचे झाले. शिक्षकाला मुख्याध्यापक आणि शिक्षण विस्तार अधिकारी होता येऊ लागले. ग्रामसेवकाला ग्रामविकास अधिकारी, विस्तार अधिकारी, आणि पुढे बढतीने वा परीक्षेने गटविकास अधिकारीही होण्याची वाट मोकळी झाली. 2024 मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असे एकच पद करण्याचे शासनाने ठरविले. नावे बदलली, पण शिडी उभी राहिली ती 1962 साली. अंगणात खेळणारे कोणतेही पोर शिकून त्या शिडीवर पाय ठेवू शकते, ही गोष्ट लहान नाही.

पण मंडळी, शिडीचीही एक अडचण असते. चढणारा माणूस पायरी सोडतो. एखादा ग्रामसेवक गावात येतो, दोन वर्षे झटतो, घरपट्टीची वही नीट लावतो, पाणीपुरवठ्याचा हिशेब दर महिन्याला फळ्यावर लिहितो. त्याची बढती किंवा बदली होते. नवा माणूस येतो, त्याची रीत निराळी. सहा महिन्यांत फळा पुसला जातो आणि वही कपाटात जाते. वतनदार गाव सोडत नव्हता म्हणून नवे येत नव्हते. नोकरदार गाव सोडतो म्हणून आलेले टिकत नाही. आपल्या गावकारभाराचा खरा पेच हाच आहे.

या पेचावर उपाय सापडलेले आहेत, आणि दोन उदाहरणे एकाच जिल्ह्यातली आहेत. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या जिल्हाधिकारी कचेरीत 1980 नंतरच्या दशकात अनिलकुमार लखीना यांनी कामाची मांडणीच बदलली. कागदांचे वर्गीकरण, बसण्याची जागा, दप्तराची रचना, सारे असे लावले, की हवा तो कागद चटकन सापडावा. ती पद्धत 'लखीना पॅटर्न' म्हणून राज्यातील इतर कचेऱ्यांतही गेली. साहेब बदलून गेले तरी पद्धत मागे राहिली, कारण ती कोणा एकाच्या डोक्यात नव्हती, दप्तरात उतरली होती.

दुसरे उदाहरण त्याच जिल्ह्यातील हिवरे बाजारचे. हे दुष्काळी गाव. 1989 मध्ये पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. पाणलोटाची कामे झाली, आणि पुढे गावाने पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस किती झाला ते मोजायचे, जमिनीत किती पाणी आहे त्याचा अंदाज घ्यायचा आणि कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचे. येथे नवी रीत टिकली ती ग्रामसभेमुळे. कर्मचारी बदलला तरी ग्रामसभा बदलून जात नाही.

यातून आपण घ्यायचे काय? चांगल्या ग्रामसेवकाची बदली थांबवा म्हणून तालुक्याला मोर्चा नेणे सोपे आहे. पण त्याची बढती हा त्याच्या कष्टांचा हक्क आहे, आणि तो अडविणे म्हणजे त्याला पुन्हा वतनदार करणे होय. त्यापेक्षा तो जाण्यापूर्वी त्याने सुरू केलेली रीत ग्रामसभेत ठराव करून इतिवृत्तात लिहून घ्या. पदभार देताना-घेताना वह्यांची यादी होते, ती सरपंचांनी वाचून पाहावी. शाळेत एखाद्या शिक्षकाने नवा उपक्रम काढला असेल, तर मुख्याध्यापकांनी त्याची चार पानी नोंद शाळेच्या दप्तरात ठेवावी. पुढच्या गुरुजींना मग पहिल्या पाटीपासून सुरुवात करावी लागणार नाही.

आणि वरच्या कचेऱ्यांनीही एक गोष्ट केली पाहिजे. बढतीच्या वेळी माणसाने किती वर्षे काढली हे पाहतात, तसेच तो मागे काय ठेवून आला हेही पाहावे. ज्याने सुरू केलेले काम त्याच्या पाठीमागे चालू राहिले, तो बढतीला अधिक लायक, असे एकदा ठरले म्हणजे प्रत्येक कर्मचारी आपली वही नीट लिहून ठेवील.

वतनदाराने गावाचे ज्ञान घरात ठेवले, नोकरदार ते आपल्याबरोबर घेऊन जातो. ते गावाच्या दप्तरात ठेवणे आता आपल्या हातात आहे. पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा मागील सभेचे इतिवृत्त मोठ्याने वाचायला सांगा. कामाला तेथूनच आरंभ होईल.