कर्ण्यावरून सांगितलेलं गुपित

डिसेंबर 1960. पुसेगावात सेवागिरी महाराजांची जत्रा भरलीय आणि तुम्ही खिल्लार बैलांच्या बाजारातून वाट काढताय. धूळ, शेण, भजी तळल्याचा वास. पटकेवाला एक गडी विचारतो, "पाव्हणं कुठलं म्हणायचं?" तुम्ही म्हणता, सांगली जिल्हा. तो जरा विचार करतो. "म्हंजे दक्षिण सातारा की!" त्याचंही खरंच आहे. 21 नोव्हेंबरला जिल्ह्याचं नाव बदललं, त्याला महिनाही झालेला नाही. जुनं नाव अजून जिभेवर आहे.

बाजारापलीकडे टुरिंग टॉकीजचा तंबू आहे. पाटीवर 'सांगत्ये ऐका'. तिकीटवाला नवे पैसे मागतो, पुढची म्हातारी आण्यांतच हिशेब करते, रांग खोळंबते. आत बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे, मधे कापड. खाली जमीन. शेजारी कुणी घोंगडं पसरून तुम्हाला जागा देतो. तंबूमागं इंजिन धडधडतंय. रीळ बदलताना पडदा काळा होतो, लोक शिट्ट्या मारतात, पोरं रडतात, आणि चित्र पुन्हा उजळतं.

आणि मग ढोलकी. पडद्यावर जयश्री गडकर. लावणी सुरू होते: 'बुगडी माझी सांडली गं'. साताऱ्याला जाताना कानातली बुगडी पडली, एवढीच तक्रार. पुरुषांच्या बाजूला हशा उसळतो. तुम्ही मात्र कापडाच्या फटीतून पलीकडे पाहा. त्या बायकांना विनोद आधीच कळलाय. एकीचा हात आपसूक कानाच्या वरच्या पाळीकडे गेलाय. तिथं भोक पाडून घातलेली मोत्यांची बुगडी चालता चालता पडत नाही. ती पडायला काहीतरी व्हावं लागतं. काय झालं, हे गाणं शेवटपर्यंत सांगत नाही. शेजारचा तरणा गडी, त्याचं टक लावून बघणं, त्याच्या खाणाखुणा, एवढं पुढं ठेवतं आणि बाकीचं तुमच्यावर सोडतं.

त्यात साथीदारणींना विनवणी: ही गोष्ट घरच्या म्हाताऱ्याच्या कानावर घालू नका. गुपित राखा म्हणायचं, पण म्हणायचं कुठं? हजार माणसांपुढं, ढोलकीवर, कर्ण्यातून! ऐकलं की तुम्ही कटात सामील. माझ्या मते या गाण्याचं सगळं आयुष्य या एका युक्तीत आहे. चाल आणि नाच झकास आहेतच, पण तशी गाणी त्या काळात इतरही होती.

ही युक्ती ग. दि. माडगूळकरांची. 1919 साली आटपाडीजवळच्या शेटफळ्यात जन्मलेला, कुंडल-औंधात शिकलेला माणूस. पाचच वर्षांपूर्वी, 1955 पासून, त्यांचं गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून घरोघर पोचलं होतं. (ते ऐकताना हात जोडणाऱ्या मंडळींना बुगडीही याच लेखणीतली, हे सांगितलं की ती जरा चुळबुळतात.) पटकथा-संवाद त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश यांचे, संगीत वसंत पवारांचं. आणि आवाज आशा भोसल्यांचा, 1933 साली सांगलीत जन्मलेल्या. म्हणजे जायचं साताऱ्याला, पण शब्द आणि गळा दोन्ही दक्षिण साताऱ्याचे. आशाबाई ओळ कुठं उचलतात ते नीट ऐका. त्या लाजत नाहीत, पाघळतही नाहीत. खोडसाळपणा कळतो, पण चव जात नाही. म्हणून माजघरातल्या बायकांना हे गाणं गुणगुणता आलं. बैठकीतल्या सगळ्याच लावण्यांच्या नशिबी ते नव्हतं.

आता जरा पुण्याला चला. 1959 साली लागलेला अनंत मान्यांचा हा सिनेमा विजयानंद थिएटरात अजून चालू आहे आणि एकूण 131 आठवडे चालणार आहे. अडीच वर्षं! त्यानंतर तमाशापटांची लाटच आली. 'सवाल माझा ऐका', 'केला इशारा जाता जाता', 1972 चा 'पिंजरा'. लाट पुढं ओसरली, फेटे आणि पाटील यांचा लोकांना कंटाळा आला.

बुगडीचा आला नाही. आजच्या गॅदरिंगमध्ये या. नऊवारी नेसलेल्या पोरीच्या कानाला प्रेसची बुगडी आहे, भोकाविना लावलेली. ती खरोखरच नाचताना पडू शकते, म्हणजे जुना विनोद अर्धा गेलाच. तरी पहिल्याच ठेक्याला मागच्या रांगेतून शिट्टी येते, आणि चुगली करू नका हे सगळी शाळा एका सुरात म्हणते.

गाणं पाठ असलेल्या पुष्कळांनी सिनेमा पाहिलेलाच नाही. तो पुरता पाहा, त्यात काम केलेल्या हंसा वाडकरांसाठी तरी. त्यांनी आपल्या आत्मकथनाला 'सांगत्ये ऐका' हेच नाव दिलं, आणि त्यावरून श्याम बेनेगलांनी 1977 मध्ये 'भूमिका' काढला.