वीज गेल्यानंतर डेस्कटॉप संगणकाची दोषदुरुस्ती

वीज अचानक जाऊन परत आल्यावर डेस्कटॉप संगणक बंदच राहणे, अर्धवट सुरू होणे किंवा चुकीची तारीख दाखवणे, अशा बिघाडांचा शोध आणि त्यांवरचे उपाय. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. डेस्कटॉप मात्र वीज जाताच बंद पडतो. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी मुंबईची वीज गेली तेव्हा लोकलगाड्या थांबल्या, ऑनलाइन परीक्षा अडल्या आणि घरून काम करणाऱ्यांचे पडदे काळे झाले.

यंत्राला जास्त धोका असतो तो लाइट परत येताना. घराघरांतले फ्रिज आणि पंप एकदम चालू होतात, विजेचा दाब खालीवर होतो. म्हणून लाइट आल्याबरोबर बटण दाबू नये. पाच-दहा मिनिटे दिवे स्थिर जळतात का, ते पाहावे. काही दिवे भगभगीत आणि काही मंद दिसले तर न्यूट्रल तुटल्याची दाट शक्यता असते. अशा वेळी 230 व्होल्टच्या जागी 400 व्होल्टच्या आसपास दाब घरात येऊ शकतो. मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवावे, संगणकाचे नंतर बघता येते.

संगणक अगदी निपचित असेल, पंखासुद्धा फिरत नसेल, तर आधी बाहेरचे तपासावे: त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून पाहावा, एक्स्टेंशन बोर्डाचा फ्यूज आणि कॅबिनेटच्या मागचे बटण बघावे. हे ठीक असेल तर एसएमपीएसकडे वळावे. घरातली वीज 12, 5 आणि 3.3 व्होल्टची करून देणारा हा डबा दाबाचा झटका बसला की स्वतःच्या बचावासाठी स्वतःला कुलूप लावून घेतो. प्लग काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, थोडे थांबून प्लग पुन्हा लावावा. एवढ्याने ते कुलूप अनेकदा सुटते. नवा एसएमपीएस विकत घेण्याआधी प्रत्येकाने हा बिनखर्चाचा उपाय करायलाच हवा.

तरीही हालचाल नसेल तर दुरुस्ती करणारे 24 पिनांचा जोड मदरबोर्डवरून काढून त्यातली हिरवी तार काळीला जोडतात. एसएमपीएसचा पंखा फिरला तर डब्यात जीव आहे, दोष बहुधा पुढे आहे. न फिरल्यास डबा बदलावा. तो घरी उघडू मात्र नये. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही 300 व्होल्टच्या वर दाब काही काळ साठून राहू शकतो.

पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो किंवा बीप वाजत राहते, तेव्हा प्लग काढून रॅम बाहेर घ्यावी, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून ‘टक्’ आवाज येईपर्यंत परत बसवावी. संगणक कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दाखवत असेल, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर2032 बॅटरी संपलेली असते. बाहेरची वीज असेपर्यंत तिची उणीव कळत नाही. तारीख चुकली की सुरक्षा प्रमाणपत्रांच्या मुदतीचा मेळ बसत नाही, आणि बँकेचे संकेतस्थळही ब्राउझरला असुरक्षित वाटू लागते. लोक मग इंटरनेटवाल्याला फोन करतात.

खरी काळजी माहितीची करायला हवी. वीज जाताच हार्ड डिस्क आपल्या फिरण्यातल्याच ऊर्जेवर वाचनशीर्ष सुरक्षित जागी नेते. पण रॅममध्ये असलेला, अजून डिस्कवर न उतरलेला मजकूर जातो. दिवसभर बसवलेली लग्नपत्रिका किंवा स्मरणिका अशी गेली की डीटीपी करणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. विंडोज सुरू झाल्यावर डिस्क तपासणारी चेकडिस्क चालवावी. मात्र डिस्कमधून ‘टक्-टक्’ येत असेल तर ती चालवू नये, संगणक बंद करून डिस्क जाणकाराकडे न्यावी. विंडोजच्या नोंदवहीत ‘कर्नल पॉवर 41’ अशी नोंद दिसते. संगणक नीट बंद झाला नव्हता एवढेच ती सांगते, कारण सांगत नाही.

यूपीएस असूनही संगणक बंद पडला असेल, तर त्यातली 12 व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी तपासावी. ती दोन-तीन वर्षांत दमते. काम जतन करून यूपीएसचा प्लग भिंतीतून काढावा आणि संगणक किती मिनिटे टिकतो ते घड्याळ लावून मोजावे. लेझर प्रिंटर यूपीएसवर असेल तर आधी काढावा, गरम होताना तो एकदम फार वीज ओढतो. वळवाच्या पावसात लाइट गेली असेल तर राउटरकडून येणारी नेटवर्कची केबलही काढून ठेवावी. विजेचा झटका त्या वाटेनेही मदरबोर्डपर्यंत पोचतो.