फ्रीडम सेडर

वल्हांडणाच्या रात्री ज्यू घरांत हग्गादा नावाची पोथी वाचतात. बेखमीर भाकरी मोडायची, कडू पाला चावायचा आणि मिसरचा राजा फारो याच्या गुलामगिरीतून पूर्वज कसे सुटले ते मुलांना सांगायचं. हा विधी म्हणजे सेडर. ही पोथी मराठीला परकी नाही. १८७४ मध्ये पुण्यात बेने इस्रायली ज्यूंसाठी ती मराठी अर्थासह छापली गेली. तिच्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका सणाच्या भाकऱ्या करताना दिसतात.

आपण स्वतः मिसरातून सुटलो असं दर पिढीतल्या माणसानं मानावं, असं पोथीच बजावते. अमेरिकेतले रब्बी अब्राहम जोशुआ हेशेल यांनी ते मनापासून मानलं. नाझींमुळे आई आणि बहिणी गमावलेला हा माणूस १९६३ च्या जानेवारीत शिकागोच्या धर्म आणि वंशविषयक परिषदेत ठणकावून म्हणाला, की फारो अजून शरण आलेला नाही. तिथेच त्यांची मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी गाठ पडली. दोन वर्षांनी कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी निघालेल्या सेल्माच्या मोर्चात ते पहिल्या रांगेत चालले. १९६८ च्या सेडरला किंग सहकुटुंब हेशेल यांच्या घरी जेवायला यायचे होते. त्याआधीच, ४ एप्रिलला, किंग यांचा खून झाला.

वॉशिंग्टन पेटलं, रस्त्यावर लष्कर आलं. सेडरच्या तयारीसाठी घरी निघालेल्या आर्थर वॉस्काव या तरुण कार्यकर्त्याला आपल्या गल्लीवर मशीनगन रोखलेली जीप दिसली. ही तर फारोचीच फौज, असं त्याच्या मनात आलं. मग त्यानं हग्गादा नव्यानं रचायला घेतली. जुन्या प्रार्थनांशेजारी किंग, गांधी, थोरो आणि गुलामांच्या बंडाचा नेता नॅट टर्नर यांचे शब्द आले.

किंग यांच्या पहिल्या स्मृतिदिनी, ४ एप्रिल १९६९ ला, वॉशिंग्टनमधल्या कृष्णवर्णीयांच्या एका चर्चच्या तळघरात सुमारे ८०० माणसं सेडरला बसली, ज्यू आणि ख्रिस्ती, गोरे आणि काळे. पोथीला हात लावल्याबद्दल पुष्कळ टीका झाली. मला मात्र यात पोथीचीच आज्ञा पाळलेली दिसते. मिसरावर आलेल्या दहा अरिष्टांची नावं घेताना प्याल्यातून दारूचे दहा थेंब काढायचे, कारण शत्रूचीही माणसं मेली. इतकी कणव मुळातच असलेल्या विधीला शेजाऱ्याचं दुःख परकं कसं वाटेल?

त्यानंतर स्त्रियांचे, कामगारांचे, पर्यावरणवाद्यांचे सेडर निघाले. वॉस्काव १९९५ मध्ये रीतसर रब्बी झाले. आणि १९८० च्या दशकात हेशेल यांची कन्या सुझाना यांनी समलिंगी ज्यूंच्या बाजूनं सेडरच्या ताटात संत्रं ठेवलं. प्रत्येकानं एक फोड खायची आणि द्वेष थुंकावा तशा तिच्या बिया थुंकून टाकायच्या. आज अनेक घरांत ते ताटात असतं.