बंदूक ‘अस्सल’ करायची म्हणजे कोणत्या सालची?

जुन्या लष्करी बंदुका विकत घेऊन त्या ‘मूळ रूपात’ आणण्याचा छंद युरोप-अमेरिकेत अनेकांना आहे. गंज काढायचा, लाकडाचा दस्ता उजळायचा, हरवलेले भाग मिळवायचे. एवढ्यापर्यंत ठीक. पण मूळ रूप म्हणजे नेमके कोणते? १८५७ शी बांधलेल्या एका बंदुकीच्या बाबतीत हा प्रश्न फार टोकदार होतो.

ती बंदूक म्हणजे १८५३ सालच्या नमुन्याची एन्फील्ड. नळी ३९ इंच लांब, तोंड .५७७ इंचाचे, आत तीन मळसूत्री खाचा. या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाई आणि शेकडो यार्डांवर नेम लागे. त्यासाठी मागच्या बाजूला उभी करता येणारी शिडीसारखी पट्टी होती. याच बंदुकीच्या कागदी काडतुसाला गाईची आणि डुकराची चरबी लावल्याची बातमी जानेवारी १८५७ मध्ये डमडमहून पसरली. २४ एप्रिलला मेरठमध्ये तिसऱ्या घोडदळाच्या ९० स्वारांपुढे काडतुसे ठेवली गेली आणि ८५ जणांनी नकार दिला. त्यांत हिंदूही होते, मुसलमानही. गंमत अशी, की ती काडतुसे जुन्याच पद्धतीची होती. पण विश्वास एकदा उडाला, की काडतूस नवे की जुने हे कोण पाहतो?

आपल्या शालेय पुस्तकांत काडतुसाची गोष्ट इथे संपते. बंदुकीची गोष्ट मात्र पुढे चालते. उठाव मोडल्यावर सरकारने ठरवले, की हिंदी शिपायाच्या हाती गोऱ्या सैनिकाइतके चांगले हत्यार द्यायचे नाही. म्हणून १८५८ चा नमुना आला. एन्फील्डच्या नळीतल्या खाचा कोरून काढून टाकल्या, तोंड साधारण .६५ इंचाचे केले आणि शिडीच्या जागी एक साधा ठोकळा बसवला. बाहेरून बघणाऱ्याला तीच बंदूक, पण लांबचा नेम गेलेला. खरवडल्यामुळे नळी पातळ झाली, म्हणून पुढच्याच वर्षी जाड नळीचा नमुना काढावा लागला. गोऱ्या पलटणींकडे खाचांच्या रायफली राहिल्या. पुढे त्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा हिंदी पलटणींच्या वाट्याला त्यांची जुनी स्नायडर आली. कायम एक पायरी मागे.

आता समजा, अशी १८५८ ची बंदूक एखाद्या हौशी माणसाच्या हाती आली. तिला ‘मूळ’ एन्फील्ड करावे म्हणून त्याने खाचांची नळी घातली, शिडी बसवली. बंदूक देखणी होईल. पण राज्यकर्त्यांनी शिपायांवर दाखवलेला अविश्वास ज्या लोखंडात कोरला होता, ते लोखंडच तो फेकून देईल. कागदावरचा हुकूम हरवू शकतो, बदलता येतो. हा पुरावा मात्र नळीत बोट घालून तपासता येत होता.

दुसरे उदाहरण नेपाळचे. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात पिढ्यान्‌पिढ्या पडून राहिलेल्या हजारो बंदुका २००३ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतल्या. त्यांत एन्फील्डही होत्या. सिलेखाना म्हणजे अरबी ‘सिलाह’ म्हणजे हत्यार, त्याला जोडलेला फारसी ‘खाना’. शिवकालीन अठरा कारखान्यांतला शिलेखाना तो हाच शब्द. यांतल्या कित्येक बंदुकांवर नेपाळी फौजेने देवनागरीत अक्षरे आणि आकडे ठोकलेले आहेत. दस्त्यावर सँडपेपर फिरवला, की सर्वांत आधी जातात ती हीच अक्षरे.

म्हणून जाणकार लोक फार कमी हात लावतात. गोठलेले ग्रीस रॉकेलने सैल करायचे, गंजाची पापडी पितळेच्या पट्टीने हळूच खरवडायची, स्क्रू त्याच्या खाचेत नीट बसणाऱ्या पेचकसानेच फिरवायचा, लाकडाला उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यायचे. चकाकी आणायची नाही. काय बदलले ते वहीत लिहून ठेवायचे.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जाते. ‘अस्सल’ हा शब्द अरबी ‘अस्ल’वरून आला, अर्थ मूळ, म्हणजे झाडाचे असते ते. मूळ शोधायला निघालेला माणूस खोड आणि फांद्या तोडत नाही. आज इतिहासही कुठल्या तरी एका सालावर नेऊन ‘शुद्ध’ करण्याची घाई दिसते. ती सगळीकडे आहे, आपल्यातही आहे. आपल्या कित्येक दर्ग्यांतले फारसी शिलालेख भक्तिभावाने दिलेल्या ऑइलपेंटखाली वाचेनासे झाले आहेत. रंग देणाऱ्याची नियत चांगलीच असते. तरी डबा उघडण्याआधी तिथे काय लिहिले आहे ते कुणाकडून तरी वाचून घ्यावे आणि एक स्वच्छ फोटो काढून ठेवावा, एवढे तरी आपल्याला करता येईल.