कोरे काडतूस आणि बनावट काडतूस : चित्रपटव्यवसायातील तीन अपघात

चित्रीकरणात वापरली जाणारी बंदूक निरुपद्रवी असते, हा समज बव्हंशी शब्दांनी निर्माण केला आहे. मराठीत आपण सरसकट ‘खोटे काडतूस’ म्हणतो (‘काडतूस’ हा शब्दही मूळचा पोर्तुगीजच). परंतु या एका नावाखाली परस्परविरुद्ध गुणधर्मांच्या दोन वस्तू एकत्र येतात. कोऱ्या काडतुसात गोळी नसते. दारू आणि ती पेटविणारी टोपी मात्र असते. ते खरे दिसत नाही, पण उडते. बनावट काडतुसात गोळी असते, दारू नसते. ते खरे दिसते, पण उडत नाही. पहिल्याचे प्रयोजन आवाज व ज्वाला, दुसऱ्याचे केवळ कॅमेऱ्यासमोर रिव्हॉल्व्हरच्या घरांत दिसणे.

१२ ऑक्टोबर १९८४ रोजी ‘कव्हर अप’ या अमेरिकन दूरदर्शन-मालिकेच्या चित्रीकरणातील खोळंब्यात नट जॉन-एरिक हेक्सम याने कोरे काडतूस भरलेले रिव्हॉल्व्हर थट्टेने कानशिलाला लावून चाप ओढला. गोळी नव्हतीच, पण स्फोटाच्या आघाताने कवटीचा तुकडा मेंदूत घुसला, आणि सहा दिवसांनी तो गेला. ‘कोरे’ म्हणजे ‘रिकामे’ नव्हे, हे त्याला कोणी बजावून सांगितले होते की नाही, हा प्रश्न उरतोच.

ब्रँडन ली याचा मृत्यू अधिक गुंतागुंतीचा, म्हणूनच अधिक बोधक आहे. ‘द क्रो’ या चित्रपटातील एका निकटदृश्यासाठी खऱ्या काडतुसांतील दारू काढून गोळ्या पुन्हा बसविण्यात आल्या; टोप्या मात्र तशाच राहिल्या. चाप ओढला जाताच टोपीच्या क्षीण स्फोटाने एक गोळी नळीत ढकलली जाऊन तेथेच अडकली. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये, नळी न तपासता, कोरे काडतूस भरले गेले. एकाची गोळी आणि दुसऱ्याची दारू मिळून पूर्ण काडतूस सिद्ध झाले! ही घटना विल्मिंग्टन (उत्तर कॅरोलिना) येथे ३१ मार्च १९९३ रोजी घडली.

‘रस्ट’च्या प्रकरणात कोऱ्या काडतुसाचा संबंधच नव्हता. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यू मेक्सिकोत तालमीच्या वेळी छायालेखिका हेलिना हचिन्स यांना लागलेली गोळी खऱ्या काडतुसाची होती. ते बनावट काडतुसांत मिसळले होते. वस्तुतः हा भेद ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत : बनावट काडतुसाच्या बाजूस भोक तरी असते, नाहीतर आत धातूचा छर्रा असून ते हलविल्यास खुळखुळते. शिवाय हॉलिवुडच्या संयुक्त सुरक्षा-समितीचे पहिलेच पत्रक याच विषयावरील असून, प्रत्येक शस्त्र भरलेलेच मानावे आणि खरी काडतुसे चित्रीकरणस्थळी आणूच नयेत, असे त्यात स्पष्ट आहे.

शस्त्ररक्षिकेस २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली. पोलिसांच्या शपथपत्रानुसार शस्त्र नटाच्या हाती देताना ते ‘थंड’ असल्याची घोषणा झाली होती. आणि सर्व काडतुसे आपण तपासली नव्हती, असे सहाय्यक दिग्दर्शकाने तपासाधिकाऱ्यांपुढे मान्य केले.