मुक्तस्रोत जगतात नव्या कालसमन्वय आज्ञावलीचे स्थान : ‘एनटाइम्ड’चा इतिहास

संगणकांच्या जाळ्यातील घड्याळे परस्परांशी जुळलेली नसतील, तर बँकेतील दोन व्यवहारांपैकी आधीचा कोणता हे ठरवता येत नाही, सुरक्षा प्रमाणपत्रांची मुदत तपासता येत नाही आणि घुसखोरीचा मागही काढता येत नाही. भारतात सर्ट-इन या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये संगणकीय घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या कालसेवेशी, अथवा त्यांच्याशी सांधलेल्या सेवेशी, जुळवण्याचा निर्देश दिला, तो याच कारणाने. ही जुळवणी करणाऱ्या आज्ञावली बहुतांशी मुक्तस्रोत आहेत. त्यांत नवी भर पडते तेव्हा ती कोणत्या प्रकल्पाच्या छत्राखाली नांदावी, हा प्रश्न वरकरणी प्रशासकीय वाटतो. प्रत्यक्षात आज्ञावलीचे आयुष्य त्यावर ठरते.

या क्षेत्राचा पाया डेव्हिड मिल्स यांनी घातला. ‘नेटवर्क टाइम प्रोटोकॉल’ अर्थात एनटीपी या संकेताचे पहिले विवरण सप्टेंबर १९८५ मध्ये आरएफसी ९५८ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले; चौथी आवृत्ती २०१० साली आली. डेलावेअर विद्यापीठात मिल्स यांच्या मार्गदर्शनाखाली वाढलेली ‘एनटीपीडी’ ही आज्ञावली संकेताचे प्रमाणरूप मानली गेली. जगभरातील यंत्रे तिच्यावर विसंबून होती. पण तिची देखभाल मात्र हार्लन स्टेन आणि मोजक्या सहकाऱ्यांच्या खांद्यावर होती.

२०१४ साली ही विसंगती उघडी पडली. वर्षाच्या आरंभी एनटीपी सेवकांच्या ‘मॉनलिस्ट’ या आज्ञेचा गैरवापर करून प्रचंड हल्ले झाले. एप्रिलमध्ये ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ दोष उघडकीस आला आणि फुकट मिळणाऱ्या पायाभूत आज्ञावलींची देखभाल कोण करते, याचा विचार मोठ्या कंपन्यांना करावा लागला. लिनक्स फाउंडेशनने उभारलेल्या निधीचे पहिले लाभार्थी ओपनएसएसएल, ओपनएसएसएच आणि एनटीपी हे होते. डिसेंबरमध्ये एनटीपीडीतच गंभीर दोष सापडले.

याच सुमारास, लिनक्स फाउंडेशनच्या अर्थसाहाय्याने, डेन्मार्कचे पॉल-हेनिंग कॅम्प यांनी ‘एनटाइम्ड’ची प्राथमिक आवृत्ती प्रसिद्ध केली. फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीतील कालगणनेवर त्यांनी दीर्घकाळ काम केले होते. जुनी आज्ञावली दुरुस्त करण्याऐवजी त्यांनी कामाची विभागणी केली : केवळ वेळ विचारणारा ‘क्लायंट’, वरून वेळ घेऊन खाली वाटणारा ‘स्लेव्ह’ आणि संदर्भ-घड्याळाशी जोडलेला ‘मास्टर’. बहुसंख्य यंत्रांना पहिल्याचीच गरज असते. उरलेल्या दोहोंचा पसारा, आणि त्यासोबतचे दोष, त्यांनी का वागवावेत?

मांडणी तर्कशुद्ध होती. पण तिला घर कोणते? एनटीपीडीतच ती मिसळली, तर ज्या पसाऱ्यापासून सुटका हवी तोच गळ्यात पडतो. एखाद्या कार्यप्रणालीत सामावली, तर इतर प्रणाली तिला परकी समजतात. ओपनबीएसडीच्या ‘ओपनएनटीपीडी’ने २००४ पासून हा मार्ग पत्करला होता : कमाल अचूकतेचा हव्यास सोडून साधेपणा आणि सुरक्षितता यांना अग्रक्रम. परवान्याचाही अडसर असतोच. रिचर्ड कर्नो यांची ‘क्रोनी’ जीपीएल परवान्याखाली असल्याने जीपीएल टाळू पाहणाऱ्या फ्रीबीएसडीच्या गाभ्यात तिला सहज प्रवेश नव्हता. एनटाइम्डच्या उदार बीएसडी परवान्याला तो अडसर नव्हता.

अखेर एनटाइम्डला स्टेन यांच्या ‘नेटवर्क टाइम फाउंडेशन’चे छत्र लाभले. एनटीपीचे अधिकृत घर तेच. नात्याच्या दृष्टीने निवड योग्यच म्हणावी लागेल. प्रमाणरूप आणि तिचा संभाव्य वारस एका छताखाली आले. परंतु ज्या घरात थोरल्याच्याच पोषणाची भ्रांत, तिथे धाकट्याच्या वाट्याला काय येणार? प्राथमिक अवस्थेच्या पुढे एनटाइम्ड गेली नाही.

इतरांची वाटचाल ताडून पाहता हे अधिक स्पष्ट होते. एरिक रेमंड प्रभृतींनी २०१५ मध्ये ‘एनटीपीसेक’ ही स्वतंत्र शाखा काढली आणि मूळ संहितेचा फार मोठा भाग छाटून टाकला. एकच वारसा सांगणारी दोन घरे झाली, कटुताही आली. मात्र २०२३ मध्ये डेबियनच्या बाराव्या आवृत्तीने ‘एनटीपी’च्या जागी तिलाच घेतले. क्रोनीचा मार्ग निराळा. तिचा मुख्य विकासक, मिरोस्लाव लिचवार, रेड हॅटचा वेतनधारक. त्या कंपनीच्या सातव्या आवृत्तीत, २०१४ मध्येच, क्रोनी मूलनिवड झाली आणि २०१९ च्या आठव्या आवृत्तीतून एनटीपीडी वगळण्यात आली. क्रोनीमागे वारशाचा शिक्का नव्हता, पगार होता. अधिकृतपणाचे वजन मुक्तस्रोत जगात समजले जाते त्याहून बरेच कमी असते.

रस्ट भाषेत लिहिलेल्या ‘एनटीपीडी-आरएस’ने २०२२ पासून जी वाट धरली, तीत हा फरक दिसतो. नेदरलँड्समधील ट्वीडे गोल्फ या कंपनीने, लेट्स एन्क्रिप्ट चालवणाऱ्या संस्थेच्या ‘प्रॉसिमो’ उपक्रमातून साहाय्य घेऊन, हे काम हाती घेतले. लेट्स एन्क्रिप्टने २०२४ मध्ये ती स्वतःच्या सेवेत वापरातही आणली. पुढे या आज्ञावलीच्या देखभालीसाठी ‘ट्रायफेक्टा टेक फाउंडेशन’ ही वेगळी संस्था पुढे आली, एनटीपीच्या जुन्या घराबाहेर. त्याच वर्षाच्या जानेवारीत मिल्स यांचे निधन झाले होते.