वऱ्हाड गहाण पडला, तो फौजेच्या पगारापायी

सैन्याचा इतिहास म्हटला की श्रोत्यांना लढाया ऐकावयाच्या असतात. त्या रंगवून सांगणारे पुष्कळ आहेत. आमचे आयुष्य कामगारांच्या पगाराची भांडणे भांडण्यात गेले. शाळा लवकर सुटली, आणि जो काही इतिहास वाचला तो रात्री, सभा आटोपल्यावर. त्यामुळे कोणत्याही फौजेविषयी वाचू लागलो की आम्हांस आधी सुचते ते एवढेच : या माणसांना पगार कोण देत होते, आणि तो वेळेवर मिळत होता काय? डोणगावात हे विचारणे अधिकच योग्य आहे. कारण डोणगाव, मेहकर, किंबहुना सारा वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हाती गेला तो येथल्या एखाद्या पराभवामुळे नव्हे. फौजेच्या थकलेल्या पगारापायी गेला.

आधी शिपाई म्हणजे कोण ते पाहू. मराठी घोडदळात दोन तऱ्हेचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार आपला घोडा, आपली हत्यारे घेऊन चाकरीस येई. गिरणीतला कामगार आणि घरचा माग असलेला विणकर, असा हा फरक समजावा. शिलेदाराचा मान मोठा; पण घोडा पडला की त्याचा धंदाच बुडाला. असा माणूस तोफेच्या तोंडी घोडा घालण्यास कचरला, तर त्याला भित्रा म्हणण्यापूर्वी त्याचा घरचा हिशेब पाहावा.

शिवाजी महाराजांनी हे सारे ओळखले होते. पागेचे बारगीर वाढवावेत, चाकरी करणाऱ्याला शक्य तो रोख वेतन द्यावे, असा त्यांचा रोख होता. चिपळूणजवळ छावणीस राहिलेल्या फौजेच्या अंमलदारांना त्यांनी पाठविलेले पत्र प्रसिद्धच आहे. दाणावैरण आताच उधळाल तर पावसाळ्यात घोडी मरतील. उपाशी शिपाई कुणब्याच्या घरात शिरतील. मग रयत म्हणेल की यांच्यापेक्षा मोगल बरे, असा त्याचा आशय. उंदीर दिव्याची जळती वात ओढून नेतील आणि गवताच्या गंज्या पेटतील, येथवर त्यात बजावलेले आहे. आम्हांस हे पत्र कोणत्याही लढाईच्या वर्णनाहून मोलाचे वाटते.

हा नेम पुढे टिकला नाही. फौजा वाढल्या, तिजोऱ्या आटल्या, महिनेच्या महिने पगार थकू लागले. तेव्हा शिपाई सरदाराच्या नाहीतर कारभाऱ्याच्या दारी धरणे धरून बसत. त्याला बाहेर पडू देत नसत, सुखाने जेवू देत नसत. आज आमचे लोक मालकाच्या दाराशी बसले की काही मंडळींना ती परदेशी शिकवण वाटते. ती घरचीच आहे! आणि ज्यांना मुळी पगारच नव्हता, ते पेंढारी. त्यांचा पगार म्हणजे रयतेची लूट.

वऱ्हाडची अवस्था तर विशेष कठीण. १७२४ च्या ऑक्टोबरात आपल्याच जिल्ह्यातील साखरखेर्ड्यास निजामुल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि दख्खनेत आपले बस्तान बसविले. पुढे निजाम आणि नागपूरकर भोसले असे दोन धनी या प्रांतातून वसूल नेऊ लागले; तीच दुअंमली. १८०३ साली २३ सप्टेंबरास असईला, २९ नोव्हेंबरास अडगावला लढाई झाली, १५ डिसेंबरास गाविलगड पडला, आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहाने भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख सोडावा लागला. तो निजामाला मिळाला. धनी दोनाचा एक झाला. पण कुणब्याच्या मानेवरचे जू तेच.

आता करार वाचू. करार वाचणे हा आमचा धंदाच आहे. १८०० च्या तहाप्रमाणे इंग्रजांच्या तैनाती फौजेसाठी निजामाने आधीच मुलूख तोडून दिला होता. त्याशिवाय, युद्धप्रसंगी आपल्या फौजेपैकी ६,००० पायदळ व ९,००० स्वार इंग्रजांच्या मदतीस द्यावेत, असे एक कलम होते. शब्द नीट ऐका : युद्धप्रसंगी. परंतु रेसिडेंट हेन्री रसेल यांच्या अमदानीत निजामाच्या पैशाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली एक वेगळीच फौज उभी राहिली. तीच पुढे ‘हैदराबाद कंटिंजंट’ या नावाने ओळखली गेली. पेंढारी संपले, पेशवाई बुडाली, तरी ही फौज मोडली नाही. १८१९ च्या जानेवारीत हटकरांचे नोवसाजी नाईक यांच्या नोव्ह्याच्या गढीवर ती चालून गेली. हिंगोली, एलिचपूर, औरंगाबाद येथे तिच्या छावण्या होत्या. हिंगोली तर आपल्याला वाशीमवरून जवळच.

पगार आता वेळेवर होऊ लागला, हे कबूल केले पाहिजे. पण पैसा कोठून आणावयाचा? दिवाण चंदुलाल कर्ज काढीत गेले. हैदराबादच्या विल्यम पामर आणि कंपनीने शेकडा चोवीसच्या आसपास व्याजाने रकमा दिल्या आणि बदल्यात मुलखाचा वसूल लावून घेतला. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांच्या आश्रयाला वाढलेल्या मुलीचा नवरा या पेढीत भागीदार होता, हे जाता जाता सांगतो. रेसिडेंट मेटकाफ यांनी हा व्यवहार उघडकीस आणला, पेढी बुडाली. मग पेस्तनजी विकाजी या पारशी पेढीकडे वऱ्हाडातील वसूल आला. सावकार बदलला एवढेच.

१८५३ पर्यंत कंटिंजंटपायी कंपनीचे देणे चाळीस लाखांवर गेले. ही फौज अवाजवी खर्चाची आहे, हे खुद्द डलहौसीने लिहून ठेवले आहे. तरी देणे सोडले नाही. मुलूख कायमचा तोडून द्यावा, ही पहिली मागणी. निजाम नासिरुद्दौला तयार होईना. तेव्हा २१ मे १८५३ रोजी वऱ्हाड, धाराशिवकडील मुलूख व रायचूरचा दुआब फौजेच्या खर्चासाठी लावून देण्याचा तह झाला. वऱ्हाडच्या कापसाची मँचेस्टरला असलेली गरज पाहता, निमित्त पगाराचे आणि डोळा कपाशीवर, असे आमचे मत आहे.

आता डोणगावच्या शेतसाऱ्यातून त्या फौजेचे पगार होऊ लागले. १८५८ साली सर ह्यू रोजच्या हाताखाली मध्य हिंदुस्थानात बंडवाल्यांवर धाडलेल्या सैन्यात ही कंटिंजंट होती. म्हणजे झाशीच्या राणीविरुद्धच्या त्या मोहिमेचा काही खर्च मेहकरच्या जोंधळ्यातून गेला. येथल्या कुणब्याला हे कोणी विचारले नव्हते.

१८६० साली निजामाला धाराशिव व रायचूर परत मिळाले, सुमारे पन्नास लाखांचे कर्जही माफ झाले. म्हणजे देणे फिटले. वऱ्हाड मात्र ठेवून घेतला. दिवाण सालारजंग यांनी तो सोडविण्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली, विलायतेपर्यंत दाद मागितली. काही झाले नाही. १९०२ साली कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर वऱ्हाडचा कायमचा पट्टा करून घेतला. १९०३ साली हैदराबाद कंटिंजंट मोडून तिच्या पलटणी हिंदी लष्करात घातल्या. मेहकरच्या कचेरीत साऱ्याचा भरणा पुढच्या हंगामातही पूर्वीसारखाच चालू राहिला.